क्वांटम गेम आणि एकी-बेकीची मूठ

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि तिघांच्या गटाने भुलभुलैयाचा एक गेम करायला घेतला आहे. त्यातला नायक फाट्यावर आला की एकाच वेळी दोन्ही वाटांनी जातो, पडद्यावर दोन्हीकडे अर्धपारदर्शक दिसतो, आणि पहारेकऱ्याची नजर पडली की प्रोग्राम एक यादृच्छिक आकडा काढून त्याला कुठल्यातरी एकाच वाटेवर ठेवतो. तुमच्या मार्गदर्शकांनी 'यात क्वांटम काहीच नाही' असे सांगून आराखडा परत केला. हातात चार महिने आहेत. खऱ्या क्वांटम तत्त्वांवर गेम उभा करायचा तर काय बदलावे लागेल, त्यासाठी क्वांटम संगणक लागतो का आणि गणित किती शिकावे लागेल, असे तुम्ही विचारले आहे. मी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षे त्याच वर्गांसाठी असे लहान गेम तयार करत आले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मार्गदर्शकांचे म्हणणे मला पटते, पण त्यांनी कारण सांगितलेले दिसत नाही. लहानपणी आपण चिंचोके घेऊन एकी-बेकी खेळतो. मूठ झाकलेली असते, समोरच्याला आत किती चिंचोके आहेत हे ठाऊक नसते, पण मुठीतला आकडा मात्र मूठ मिटली तेव्हाच ठरलेला असतो. तुमच्या गेममध्ये पहारेकऱ्याने पाहिल्यावर आकडा काढण्याऐवजी नायक फाट्यावर आला त्या क्षणीच गुपचूप आकडा काढून ठेवला आणि खेळाडूला फक्त सांगितला नाही, तर खेळात काही फरक पडेल का? विचार करून पाहा, काहीच पडणार नाही. कितीही वेळा खेळले तरी खेळाडूला या दोन प्रोग्रामांतला फरक ओळखता येणार नाही. म्हणजे तुमचा गेम ही एकी-बेकीची मूठ आहे. अर्धपारदर्शक चित्र हे आपल्या अज्ञानाचे चित्र आहे. कोणीही असा गेम दाखवला की मी हीच एक कसोटी लावते: आतला निकाल आधीच ठरवून झाकून ठेवला तर खेळ तसाच राहतो का? तसाच राहत असेल तर त्याला क्वांटम म्हणू नये.

आता खरी सुपरपोझिशन, म्हणजे एकाच वेळी दोन्ही वाटांवर असणे, वेगळी कशी ठरते ते तुमच्याच भुलभुलैयात पाहू. शक्यतेसाठी आपण 0 ते 1 मधला आकडा वापरतो आणि तो कधीच ऋण नसतो. क्वांटम यांत्रिकीत प्रत्येक वाटेला आधी एक आयाम (इंग्रजीत ॲम्प्लिट्यूड) जोडलेला असतो. तो धन असू शकतो, ऋण असू शकतो, खरे तर संमिश्र संख्या असतो, आणि त्याच्या मापाचा वर्ग केला की शक्यता मिळते. एकाच ठिकाणी दोन वाटांनी पोचता येत असेल तर आधी आयामांची बेरीज होते आणि मग वर्ग होतो. सगळी गोम या क्रमात आहे. ऋण आणि धन एकमेकांना खाऊन टाकू शकतात, आणि जिथे दोन वाटांनी पोचता आले असते तिथे मुळीच पोचता येत नाही, असे घडते. बारावीला यंगच्या दोन फटींच्या प्रयोगात आपण काळे-उजळ पट्टे शिकतो तेच हे व्यतिकरण, फक्त इथे ते एकेका कणाच्या बाबतीत होते.

आकडे घालून पाहा. पहिल्या फाट्यावर नायक वरच्या आणि खालच्या वाटेवर विभागतो. दोन्हीकडचा आयाम 0.707, म्हणजे वर्ग केल्यावर अर्धी-अर्धी शक्यता. दोन्ही वाटा पुढे दुसऱ्या चौकात भेटतात आणि तिथून दोन दारे निघतात. नियम असा ठेवा की वरून आलेला आयाम दोन्ही दारांकडे 0.707 ने गुणून जातो, आणि खालून आलेला पहिल्या दाराकडे अधिक 0.707 ने तर दुसऱ्याकडे उणे 0.707 ने गुणून जातो. पहिल्या दाराशी अर्धा अधिक अर्धा, म्हणजे 1. दुसऱ्या दाराशी अर्धा उणे अर्धा, म्हणजे 0. नायक कायम पहिल्याच दारातून बाहेर पडतो, शंभरातले शंभर वेळा. मधेच कोणी डोकावून तो कुठल्या वाटेवर आहे हे पाहिले, तर मात्र एकच वाट उरते, बेरजेला जोडीदार राहत नाही आणि दोन्ही दारांशी अर्धी-अर्धी शक्यता होते. झाकल्या मुठीने हे कधीच साधणार नाही. निकाल आधीच ठरवून ठेवला असता तर न डोकावताही नायक निम्म्या वेळा दुसऱ्या दारातून बाहेर आला असता.

इथून तुमच्या पहारेकऱ्याला खरे काम मिळते. 1993 मध्ये अव्शालोम एलित्झूर आणि लेव्ह वैदमन यांनी एक विचारप्रयोग प्रसिद्ध केला. एक बॉम्ब इतका नाजूक आहे की त्याला एक प्रकाशकण लागला तरी तो फुटतो. न फोडता तो चालू आहे की निकामी, हे कसे ओळखायचे, असा तो प्रश्न होता. उत्तर वरच्या दोन दारांतच आहे. बॉम्बच्या जागी खालच्या वाटेवरचा पहारेकरी ठेवा. तो झोपलेला असेल तर नायक नेहमी पहिल्या दारातून येतो. जागा असेल तर निम्म्या वेळा नायक पकडला जातो. उरलेल्या निम्म्यात तो वरच्या वाटेने आलेला असतो आणि पाव वेळा पहिल्या, पाव वेळा दुसऱ्या दारातून निघतो. नायक दुसऱ्या दारातून बाहेर आला, की पहारेकरी जागा आहे हे खेळाडूला खात्रीने कळते, आणि नायक त्याच्या वाटेवर सापडलेला तर नाही. हे कागदावरचे कोडे राहिलेले नाही. पॉल क्वियाट, आंतोन त्साइलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये हे प्रकाशकणांवर प्रत्यक्ष करून दाखवले.

त्याच्या पुढची पातळीही तयारच आहे. फाट्यावर एकदम अर्धे-अर्धे न विभागता दर फेरीला आयाम थोडाच, 9 अंशांनी, खालच्या वाटेकडे वळवा आणि अशा 10 फेऱ्या करा. पहारेकरी झोपलेला असेल तर 90 अंश पूर्ण होऊन नायक संपूर्णपणे खालच्या वाटेवर येतो. तो जागा असेल तर दर फेरीला त्याची नजर नायकाला वरच्या वाटेवर परत आणून ठेवते. दहाही फेऱ्यांत न पकडले जाण्याची शक्यता 9 अंशांच्या कोसाइनचा वर्ग दहा वेळा गुणून येते, म्हणजे सुमारे 78 टक्के. 20 फेऱ्यांत साडेचार अंशांनी वळवले तर सुमारे 88 टक्के. घाई केली तर पकडले जाण्याची शक्यता वाढते, सावकाश गेले तर वेळ खर्च होतो. गेमला हवा असलेला ताण तुम्हाला निसर्गानेच दिला आहे, वरून काहीही रचावे लागत नाही. माझ्या मते चार महिन्यांच्या प्रकल्पाला एवढा गाभा पुरेसा आहे.

आता भुलभुलैयाचा नकाशा. इथे नवीन माणूस हमखास अडकतो. क्वांटम गतीचा नियम असा की मापन होईपर्यंत प्रत्येक पाऊल उलटे फिरवता आले पाहिजे आणि सर्व आयामांच्या वर्गांची बेरीज 1 राहिली पाहिजे. अशा पावलाला युनिटरी म्हणतात. 'एक वाट आत, दोन वाटा बाहेर, दोन्हीकडे प्रत' हा प्रोग्रामरला सुचणारा सहज नियम युनिटरी नसतो, आणि 'दोन वाटा येऊन एकीत मिळतात' हा तर नसतोच. म्हणून वरच्या चौकाला दोन आत आणि दोन बाहेर अशी चार तोंडे ठेवावी लागतात. कुठल्याही आकाराचा भुलभुलैया चालवायचा असेल तर मी वापरते ती युक्ती सांगते. आयाम चौकोनावर न ठेवता प्रत्येक वाटेच्या प्रत्येक दिशेवर ठेवा, आणि ज्या ठिकाणी जितक्या वाटा मिळतात त्या संख्येने 2 ला भागा. आलेला आयाम बाकीच्या वाटांवर त्या आकड्याने गुणून जातो. ज्या वाटेने आला तिच्यावर परत जाताना त्या आकड्यातून 1 वजा करायचा. तिठ्यावर पुढच्या दोन वाटांना दोन तृतीयांश आणि परतीला उणे एक तृतीयांश. वर्ग केले तर चार नवमांश, चार नवमांश आणि एक नवमांश, बेरीज बरोबर 1. चौकात पुढच्या तीन वाटांना अर्धा आणि परतीला उणे अर्धा. सरळ वाटेवर परतीला शून्य, म्हणजे नायक नीट पुढे जातो. वाट बंद असेल तर 2 उणे 1, म्हणजे तो पूर्ण परत फिरतो. एकाच नियमात सगळा नकाशा बसतो. या चालण्याला क्वांटम वॉक म्हणतात आणि त्यावर 1993 पासून बरेच काम झालेले आहे.

नकाशा आखताना एक गोष्ट जपा. दोन वाटा पुन्हा भेटतात तिथे व्यतिकरण हवे असेल तर दोन्हींची लांबी पावलांत सारखी हवी. एक वाट सात पावलांची आणि दुसरी आठ पावलांची असेल तर दोन्ही आयाम वेगवेगळ्या वेळी चौकात येतील, बेरीज होणारच नाही, आणि गेम पुन्हा साध्या नाणेफेकीसारखा वागेल. माझ्या एका विद्यार्थ्याच्या नकाशात हीच चूक होती. आम्ही दोन दिवस प्रोग्राम तपासत बसलो आणि शेवटी बोटाने चौकोन मोजल्यावर ती सापडली.

याहून महत्त्वाचा मुद्दा किल्ल्यांचा आणि नाण्यांचा. प्रत्येक भुलभुलैयात वाटेवर काहीतरी उचलायचे असतेच. समजा वरच्या वाटेवर एक किल्ली आहे आणि नायक तिथून गेला की ती आपोआप त्याच्या खिशात येते. दोन्ही वाटा चौकात मिळाल्यावर व्यतिकरण होईल का? होणार नाही. किल्ली खिशात आहे की जमिनीवर, यावरून नायक कुठून आला हे कळू शकते. ते प्रत्यक्षात कोणी पाहिले की नाही याने फरक पडत नाही. आयामांची बेरीज तेव्हाच होते जेव्हा गेममधली संपूर्ण परिस्थिती, म्हणजे नायकाची जागा, किल्ली, दार, दिवा, सगळे तंतोतंत सारखे असते. म्हणून आयाम जागेला न जोडता संपूर्ण परिस्थितीला जोडा. एवढे केले की एंटँगलमेंट वेगळी घालावी लागत नाही. नायक आणि किल्ली आपसूक एकमेकांत गुंततात, आणि खेळाडूला व्यतिकरण परत हवे असेल तर किल्ली जागेवर ठेवून खूण पुसावी लागते. माझ्या वर्गात ही पातळी खेळून झाल्यावर मुले मापन म्हणजे काय याबद्दल जे प्रश्न विचारतात, ते फळ्यावर तासभर समजावल्यावरही येत नाहीत.

यातूनच क्वांटम संगणकाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते: लागत नाही. 40 चौकोनांचा नकाशा, प्रत्येकी चार दिशा, म्हणजे 160 जागा; पाच किल्ल्या असतील तर त्यांच्या 32 अवस्था; गुणाकार 5120. इतक्या संमिश्र संख्या, प्रत्येकी 16 बाइट धरल्या तर सगळे मिळून 80 किलोबाइट होतात. अडचण पुढे येते, कारण प्रत्येक नवी दोन-अवस्थांची वस्तू ही संख्या दुप्पट करते. अशा दोन-अवस्थांच्या क्वांटम वस्तूला क्यूबिट म्हणतात; 20 क्यूबिट असतील तर 16 मेगाबाइट, आणि 30 असतील तर 16 गिगाबाइट लागतात. त्यामुळे वस्तू मोजक्या ठेवा, आणि शून्य आयामाच्या परिस्थिती साठवूच नका. बहुतेक गेममध्ये एका वेळी थोड्याच परिस्थिती जिवंत असतात.

खऱ्या क्वांटम संगणकावर गेम चालवलेच गेले नाहीत, असे नाही. जेम्स वूटन यांनी 2017 मध्ये आयबीएमच्या पाच क्यूबिटच्या यंत्रावर लहान गेम करून दाखवले. त्यातल्या जहाजे बुडवण्याच्या खेळात प्रत्येक जहाज म्हणजे एक क्यूबिट आणि बॉम्ब म्हणजे त्या क्यूबिटला दिलेले अंशतः वळण होते; कुठल्या जहाजाला एक, कुठल्याला दोन, कुठल्याला तीन बॉम्ब लागत. अशी यंत्रे इंटरनेटवरून वापरता येतात, पण रांग असते, एकच गणना शेकडो वेळा चालवून टक्केवारी काढावी लागते आणि यंत्रातल्या त्रुटी निकालात मिसळतात. दर चालीला उत्तर हवे असलेल्या गेमला हे झेपत नाही. परीक्षकांना दाखवण्यासाठी दोन दारांची पातळी एकदा अशा यंत्रावर चालवून आकडे शेजारी ठेवलेत तर प्रकल्पाला वजन येईल. गेम मात्र लॅपटॉपवरच ठेवा.

आधी झालेले काम पाहताना आयाम आणि रूपक यांतला फरक लक्षात ठेवा. ॲलन गॉफ यांची क्वांटम फुली-गोळा ही सुंदर रचना आहे. तिच्यात प्रत्येक खूण दोन घरांत पडते आणि घरांचे वर्तुळ पूर्ण झाले की निवड करावी लागते. पण त्यात ऋण आयाम नाहीत, म्हणून व्यतिकरणही नाही. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी स्वतःच तिला शिकवण्याचे रूपक म्हटले आहे, आणि तेवढ्या कामासाठी ती उत्तम आहे. 2013 मध्ये माइनक्राफ्टसाठी गूगलने इतरांसोबत केलेले क्यूक्राफ्ट हेही त्याच जातीचे. पाहण्याच्या दिशेवर बदलणारे ठोकळे लहान मुलांची ओळख करून देतात, त्यामागे आयामांचे गणित चालत नाही. ख्रिस कँटवेल यांच्या क्वांटम बुद्धिबळात मात्र ते चालते. मोहरा दोन घरांत विभागता येतो, पुन्हा एका घरात मिळवता येतो, आणि दोन मोहरे एकाच घरात येण्याचा प्रसंग आला तरच मापन होते. डिसेंबर 2020 मध्ये त्याची स्पर्धा झाली आणि अलेक्झांडर कुबिका ती जिंकले. मापन कधी करायचे हा निर्णय त्यात पटाच्या नियमांतूनच येतो, आणि तुमच्या पहारेकऱ्यासाठी तो धडा घेण्यासारखा आहे. प्योत्र मिग्दाल यांच्या पुढाकाराने तयार झालेला प्रकाशकणांचा क्वांटम गेमही जरूर खेळा. आरसे आणि विभाजक मांडून वाट काढायची असते, आणि तुमचा भुलभुलैया स्वभावाने त्याच्या सर्वांत जवळचा आहे.

मधे थांबून इथवरचे एकत्र करते. यादृच्छिकता हा क्वांटमचा शेवटचा टप्पा आहे, गाभा नाही. गाभा आयामांच्या बेरजेत आहे. पाऊल युनिटरी हवे, वाटा सारख्या लांबीच्या हव्यात, आयाम संपूर्ण परिस्थितीला जोडलेला हवा, आणि मापन तिथेच व्हावे जिथे वाटेची खूण कुठेतरी खरोखर उमटते.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. गटातल्या कोणाला अंकीय विश्लेषणाची आवड असेल तर चौकोनांऐवजी सलग जागेत वाहणारी लाट घेऊन, ती काळाबरोबर कशी बदलते हे सांगणारे श्रोडिंगरचे समीकरण सोडवता येईल. पडद्यावर ते फार देखणे दिसते. लाट भिंतीवर आपटते, बरीचशी परत येते आणि थोडी भिंतीपलीकडे उगवते. पण इथे मला स्वतःला ठेच लागली आहे. पहिल्या गेममध्ये मी समीकरण ऑयलरच्या साध्या पद्धतीने पुढे सरकवले. पहिले काही सेकंद सगळे छान दिसले, मग लाट उजळत गेली आणि अर्ध्या मिनिटात पडदा पांढरा झाला. त्या पद्धतीत एकूण शक्यता दर पावलाला 1 पेक्षा किंचित मोठ्या आकड्याने गुणली जाते. पाऊल कितीही लहान केले तरी ती वाढ थांबत नाही, फक्त लांबते. त्याऐवजी स्थितिज ऊर्जेचे अर्धे पाऊल, फूरिए रूपांतर, गतिज ऊर्जेचे पूर्ण पाऊल, उलट रूपांतर आणि पुन्हा स्थितिज ऊर्जेचे अर्धे पाऊल असा क्रम ठेवला की प्रत्येक टप्पा युनिटरी राहतो. एका मितीत 1024 बिंदू घेतले तरी साधा लॅपटॉप हे सेकंदाला 60 वेळा सहज करतो.

भिंतीतून पार जाण्याच्या बाबतीत आकड्यांची चाड ठेवा. भिंतीची उंची इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेपेक्षा 1 इलेक्ट्रॉन व्होल्टने जास्त असेल, तर जाडी 0.1 नॅनोमीटरने वाढल्यावर पार जाण्याची शक्यता जवळजवळ एक तृतीयांशावर येते, आणि 1 नॅनोमीटरने वाढल्यावर लाखात चारच्या आसपास. याच तीव्र घटीवर बिनिग आणि रोरर यांनी 1981 मध्ये उभा केलेला सूक्ष्मदर्शक पृष्ठभागावरचे अणू टिपतो. म्हणून माणसाच्या आकाराचा नायक विटांच्या भिंतीतून 'टनेलिंग' करतो असे दाखवू नका. तुमचा नायक माणूस आहे, त्याला प्रकाशकण किंवा अणू करा. चित्र बदलायला एक दिवस लागेल आणि शास्त्राशी तडजोड उरणार नाही.

सलग लाटेचाच एक मोठा प्रयोग डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठातून झाला, त्याची गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. याकोब शेरसन यांच्या गटाच्या क्वांटम मूव्ह्ज या गेममध्ये खेळाडू प्रकाशाच्या चिमट्याने अणू उचलून आणतात. अणू पडद्यावर भांड्यातल्या पाण्यासारखा हिंदकळतो आणि तो न सांडता, कमीत कमी वेळात ठरल्या जागी न्यायचा असतो. गणित अस्सल होते. माणसांनी शोधलेल्या युक्त्या संगणकाच्या शोधपद्धतीला मागे टाकतात, असा निष्कर्ष 2016 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आला आणि जगभर गाजला. नंतर ड्रीस सेल्स यांनी अगदी साधी संगणकीय पद्धतही खेळाडूंपेक्षा सरस ठरते असे दाखवले. मूळ तुलनेच्या गणनेतच चूक असल्याचे आढळले आणि 2020 मध्ये तो लेख मागे घेतला गेला. गेममधले भौतिकशास्त्र त्यामुळे खोटे ठरत नाही, पण गेमवरून काढलेला दावा स्वतंत्रपणे तपासावा लागतो. तुमच्या अहवालात 'हा गेम खेळून विद्यार्थ्यांना क्वांटम समजते' असे वाक्य येणार असेल, तर आधी आणि नंतर काय विचारले, कोणाला विचारले, हे त्याच्यासोबत हवे.

दोन खेळाडूंचा भाग करण्याइतका वेळ उरला तर भुलभुलैयाला फाटे फोडू नका, एक वेगळी छोटी खोली करा. दोघे एकमेकांशी बोलू शकत नाहीत. पंच प्रत्येकाला 0 किंवा 1 देतो आणि प्रत्येकाने 0 किंवा 1 उत्तर द्यायचे. दोघांना 1 मिळाला तर उत्तरे वेगळी हवीत, इतर तिन्ही वेळा सारखी. आधी कितीही संगनमत केले तरी सरासरी 75 टक्क्यांच्या वर जाता येत नाही, हे मुले स्वतः प्रयत्न करून मान्य करतात. मग त्यांना गुंतलेल्या प्रकाशकणांची जोडी द्या. पहिल्याने 0 किंवा 45 अंशांवर, दुसऱ्याने अधिक किंवा उणे साडेबावीस अंशांवर ध्रुवीकरण मोजले की यश 85 टक्क्यांच्या किंचित वर जाते. जॉन बेल यांच्या 1964 च्या सिद्धांताचा हा खेळातला अवतार आहे, आणि झाकलेली मूठ इथे पूर्णपणे हरते, कारण आधी ठरवून ठेवलेल्या उत्तरांची कमाल 75 टक्केच आहे. 30 नोव्हेंबर 2016 रोजी याच प्रश्नाच्या प्रयोगांसाठी जगभरच्या सुमारे एक लाख लोकांनी एका ऑनलाइन गेममध्ये 0 आणि 1 दाबून नऊ कोटींहून अधिक निवडी पुरवल्या, आणि त्या वापरून अनेक प्रयोगशाळांनी एकाच दिवशी मापने केली. संगणकावरचा गेम प्रयोगशाळेच्या इतका जवळ गेल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

गणिताबद्दल घाबरू नका. संमिश्र संख्यांची बेरीज-गुणाकार, मॅट्रिक्सने सदिश गुणणे आणि थोडी त्रिकोणमिती एवढ्यावर भुलभुलैया पूर्ण होतो. पहिल्या दोन वर्षांत तुम्ही हे शिकलेला आहात. सलग लाट घेतली तर फूरिए रूपांतर लागेल. अवघड भाग चित्रणाचा आहे. सुरुवातीला मी शक्यता फक्त पारदर्शकतेने दाखवत असे, आणि दुसऱ्या दाराशी नायक का येत नाही हे कोणालाच उमगत नसे, कारण दोन्ही वाटांवर चित्र अगदी सारखे दिसते आणि धन-ऋण चिन्ह दिसतच नाही. मग प्रत्येक चौकोनात घड्याळाच्या काट्यासारखा एक बाण काढला. बाणाची लांबी म्हणजे आयामाचे माप आणि दिशा म्हणजे त्याची फेज, जिच्यात धन-ऋण चिन्हही येते. चौकात एक बाण वर आणि एक खाली येऊन मिटताना दिसले, की समजावून सांगण्याची गरज राहत नाही. मात्र मदतीच्या पानावर एक ओळ अवश्य लिहा: हे बाण प्रोग्रामला माहीत आहेत म्हणून दिसतात, प्रयोगशाळेत एकाच कणाकडे पाहून ते कोणालाही दिसणार नाहीत.

मी तुमच्या जागी असते तर या आठवड्यात कथा, रंग, आवाज यांतले काहीच केले नसते. एकच नकाशा घेतला असता: एक फाटा, सहा-सहा पावलांच्या दोन वाटा, एक चौक, दोन दारे. तो पडद्याशिवाय चालवून तीन आकडे छापले असते. दर पावलाला आयामांच्या वर्गांची बेरीज, जी दहाव्या दशांश स्थळापर्यंत 1 राहिली पाहिजे. पहारेकरी झोपलेला असताना दुसऱ्या दाराची शक्यता, जी 0 आली पाहिजे. आणि तो जागा असताना त्याच दाराची शक्यता, जी 0.25 आली पाहिजे. हे तीन आकडे आणि त्यामागची वीस-पंचवीस ओळींची आज्ञावली घेऊन मार्गदर्शकांकडे जा. तिसरा आकडा जुळत नसेल तर मापनानंतर उरलेला आयाम तुम्ही मापनाच्या शक्यतेप्रमाणे पुन्हा 1 वर आणता आहात का, ते आधी तपासा. बहुतेकांची चूक तिथेच निघते. तरीही अडलात तर ते आकडे आणि नकाशा इथे टाका, मी पाहीन.